खानापूरच्या मातीचा रंग आणि त्याचं प्रदर्शन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीचं निसर्गचित्र रंगवणार असाल तर तांबडा रंग तिथल्याच मातीतून काढा. जांभ्याला, म्हणजे तिथल्या तांबड्या दगडाला, रंग येतो तो लोहाच्या ऑक्साईडमुळे. ट्यूबमधल्या लाइट रेड, यलो ऑकर या रंगांतही तेच लोह असतं. फरक एवढाच की ट्यूबमधला रंग सगळीकडे सारखा, आणि आपली माती दर दोन मैलांवर बदलते. मला चित्रात तो बदलच हवा असतो.

माती उन्हाळ्यात, कडक वाळलेली असताना घ्यावी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणीपाशी पडलेला भुगा सर्वांत चांगला, फक्त खाणवाल्याला विचारून घ्या. शेतातली माती नको. तिच्यात शेणखत आणि मुळं असतात, रंगाला बुरशी येते.

ओंजळभर भुगा खलात कुटा आणि पाण्यात ढवळा. अर्धा मिनिट थांबा, वाळू खाली बसेल. वरचं रंगीत पाणी जुन्या सुती धोतरातून दुसऱ्या भांड्यात ओता. बोटांत चोळून खर लागेनाशी होईपर्यंत हे करत राहा. घाई करू नका, रंगाचा सगळा दर्जा इथेच ठरतो. दुसऱ्या दिवशी वरचं नितळ पाणी काढून टाका आणि तळाचा गाळ ताटात वाळवा.

यातला थोडा पिवळसर गाळ लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर भाजून पाहा. पिवळ्या मातीतलं पाणी उडतं आणि ती तांबडी होत जाते. मध्येच काढली तर नारिंगी छटा मिळते. एका मातीतून असे तीन-चार रंग निघतात आणि ते एकमेकांशी कधी भांडत नाहीत.

एक भाग डिंक दोन भाग गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. त्यात थोडा मध आणि लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब घाला. जाड काचेवर माती आणि हे पाणी वाटत राहा, करकर थांबली की रंग झाला. कागदावर पट्टा ओढून वाळू द्या. बोटाला रंग लागला तर डिंक कमी, पापुद्रा चमकून तडकला तर जास्त.

गोकाक-सौंदत्तीकडची काळी माती मात्र या रीतीने जाड लावू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि शेतासारखीच कागदावरही भेगाळते. तिचा अगदी पातळ हात द्या. गडद काळा हवा तर दिव्याची काजळी वापरा.

रंग कितीही अस्सल असला तरी चित्र उभं राहतं ते उजेड-सावलीवर. बेळगावात चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपेंसारखे चित्रकार घडले, ती शिस्त सोडू नये. आधी पेन्सिलीने फक्त तीन छटांचं छोटं रेखाटन करा. पावसाळ्यातलं कणकुंबी रंगवताना तर हे हवंच, कारण धुक्यात रंग जवळजवळ उरतच नाही.

आता प्रदर्शनाची मांडणी. चित्रं आकाराने किंवा तारखेने लावू नका, जमिनीच्या क्रमाने लावा. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीपासून सुरुवात करा. मग जांबोटीची झाडी, खानापूरची कौलारू घरं, येळ्ळूरच्या राजहंसगडाखालची भातशेती आणि शेवटी घटप्रभेवरचा 52 मीटरचा गोकाकचा धबधबा. भिंतीवरून चालताना तांबडं हळूहळू काळ्यात उतरताना दिसलं पाहिजे. प्रत्येक चित्राखाली त्या मातीची चिमूट काचेच्या बाटलीत ठेवा. शेतकरी आधी बाटलीकडे जातात, माती कुठली ते ओळखतात, मग चित्राकडे वळतात. माझ्या लेखी त्यांच्याइतका जाणता प्रेक्षक नाही.

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 145 ते 150 सेंटीमीटरवर येऊ द्या. शाळेच्या मुलांसाठी प्रदर्शन असेल तर खुशाल खाली आणा. खिडकीचं थेट ऊन चित्रावर नको. मातीचा रंग टिकतो, पण कागद पिवळा पडतो. पाटी मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा, गावाचं नाव सर्वांत मोठं. काच कागदाला चिकटू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला, आणि मृगाच्या आधी चित्रं भिंतीवरून उतरवून कोरड्या कपाटात, भिंतीपासून चार बोटं लांब, उभी ठेवा.