रेड वाइन घेताना लेबल कसं वाचाल?

फ्रेंच बाटलीवर द्राक्षाचं नाव शोधत बसू नका. तिथे बहुधा गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं, द्राक्ष त्यावरून ओळखायचं. बोर्दो प्रदेशातलं पोइयाक किंवा मार्गो हे गाव दिसलं की काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष जास्त, म्हणजे जिभेला घट्ट, तुरट. तिथलंच पोमरोल असेल तर मर्लो द्राक्ष, चवीला मऊ. बर्गंडी प्रदेशाची लाल वाइन म्हणजे पिनो न्वार द्राक्ष.

अमेरिकेत द्राक्षाचं नाव ठळक छापतात; त्यासाठी साधारणपणे किमान 75 टक्के तेच द्राक्ष लागतं. 'रिझर्व्ह'ला मात्र तिथल्या केंद्रीय कायद्यात व्याख्याच नाही, त्यामुळे त्या एका शब्दासाठी जादा पैसे मोजू नका. 'एस्टेट बॉटल्ड' शोधा: द्राक्षं वायनरीच्याच ताब्यातल्या मळ्यांतली, वाइनही तिथेच भरलेली. आणि अमेरिकन म्हणून कमी लेखू नका. 1976 मध्ये पॅरिसमधल्या वाइन चाखण्याच्या चाचणीत कॅलिफोर्नियातल्या नापाची 1973 ची काबर्नेच बोर्दोच्या वाइनना मागे टाकून पहिली आली होती.

बाटली हातात घेऊन बूच जरूर पाहा. ते वर सरकलं असेल किंवा गळ्याशी वाइनचे चिकट ओघळ असतील, तर तिला उष्णता लागलेली असू शकते, दुसरी मागा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.