डाळी-कडधान्यांच्या जोरावर महिन्याचा खर्च कसा कमी करावा

चिकन-मटण कमी केलं की पैसे वाचतात, असं सगळेच सांगतात. पण चिकन बंद करून त्या जागी दर आठवड्याला अर्धा किलो पनीर आणलं, तर बिल जिथल्या तिथेच राहतं. 2021 साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 150 देशांतल्या किमती तपासल्या. श्रीमंत देशांत पूर्ण वनस्पतीजन्य आहारामुळे खाण्याचा खर्च एक तृतीयांशापर्यंत कमी होतो, असं त्यांना दिसलं. गरीब देशांत आणि भारतीय उपखंडात मात्र सकस आहार लोकांच्या सध्याच्या ताटापेक्षा महाग पडतो. कारण उघड आहे. आपल्याकडच्या बहुतेक ताटांत भात-पोळीच जास्त असते आणि त्याहून स्वस्त काही नसतं. तेव्हा तुमच्या घरी आधीच पातळ वरण आणि पोळी-भाजीवर भागत असेल, तर पुढच्या पायऱ्यांनी पैसे वाचणार नाहीत, फार तर ताट सुधारेल. आठवड्यातून दोन-तीनदा चिकन, पनीर, चीज येत असेल, तर हिशेब मांडून बघण्यासारखा आहे.

1. किलोचा भाव सोडा, दहा ग्रॅम प्रथिनांचा भाव काढा

कागद-पेन घ्या. वस्तूचा किलोचा भाव लिहा, एका किलोत किती ग्रॅम प्रथिनं असतात त्याने भागा आणि दहाने गुणा. खालचे भाव समजण्यापुरते धरले आहेत, तिथे तुमच्या वाण्याचे भाव टाका.

तूरडाळ 160 रुपये किलो, प्रथिनं 220 ग्रॅम: सव्वासात रुपये.
हरभराडाळ 100 रुपये, 210 ग्रॅम: पावणेपाच रुपये.
मसूरडाळ 90 रुपये, 240 ग्रॅम: पावणेचार रुपये.
मटकी 120 रुपये, 200 ग्रॅम: सहा रुपये.
शेंगदाणे 150 रुपये, 240 ग्रॅम: सव्वासहा रुपये.
सोयाबीनच्या वड्या 150 रुपये, 520 ग्रॅम: तीन रुपयांच्या आत.
अंडं सात रुपयाला, साधारण 6 ग्रॅम: अकरा-बारा रुपये.
चिकन 240 रुपये, हाडं वजा जाता 140 ग्रॅम: सतरा रुपये.
दूध 60 रुपये लिटर, 32 ग्रॅम: पावणेएकोणीस रुपये.
पनीर 400 रुपये, 180 ग्रॅम: बावीस रुपये.

डाळींची प्रथिनं अंड्या-दुधाच्या मानाने जरा कमी अंगी लागतात. म्हणून डाळींचा आकडा पाव पटीने वाढवून बघा, तरी क्रम फारसा बदलत नाही. आपण ज्या तूरडाळीवाचून स्वयंपाक सुरू करत नाही, ती या यादीत सगळ्यात महाग डाळ निघते. आमटी निम्मी मसुराची, निम्मी तुरीची केली आणि वर गोडा मसाला, आमसूल असलं, तर घरात फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

गरजही मोजून ठेवा. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, तिच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. ज्वारीच्या दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या त्यातले पंधरा ग्रॅम देतात. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यातलं धान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी पडणारं धान्यात, त्यामुळे भाकरी-पिठलं, वरण-भात ही जोडी हिशेबालाही बरी पडते.

2. सगळं एकदम बदलू नका

चौघांचं घर धरू. बुधवारी आणि रविवारी एकेक किलो चिकन, शिवाय आठवड्याला चारशे ग्रॅम पनीर. रविवारला हात लावू नका, नाहीतर घरात पहिल्याच आठवड्यात बंड होईल. बुधवारी अर्धा किलो मटकीची उसळ करा आणि त्यात शंभर ग्रॅम शेंगदाणे घाला. चिकनचे 240 रुपये जाऊन 75 लागतात आणि प्रथिनं जवळपास तेवढीच मिळतात. वाटण मात्र तेच ठेवा: भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, लसूण. जीभ अर्धी वाटणावरच खूश होते. पनीरच्या जागी साडेतीनशे ग्रॅम हरभरे आणलेत, तर 160 ऐवजी 32 रुपये. दोन्ही मिळून महिन्याला साधारण अकराशे-बाराशे रुपये हाताशी राहतात.

3. खरेदी सुगीच्या हिशेबाने करा

नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, हरभरा फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येतो, मूग-उडीद पावसाळ्याच्या शेवटी. आवक वाढली की भाव सहसा उतरतात. वर्षाची बेगमी करण्याची रीत एप्रिल-मेमध्ये आहे, आणि तेव्हाचं कडक ऊन डाळीला दाखवता येतं हा तिचा मोठा फायदा. वर्षभराचा पैसा एकदम घालणं जमत नसेल, तर तीन महिन्यांचं घ्या. अख्खं कडधान्य डाळीपेक्षा स्वस्त पडतं, कारण क्विंटलभर तुरीची गिरणीतून सत्तर-पंचाहत्तर किलोच डाळ होते आणि ती घट व मजुरी आपल्याच बिलात येते. आख्खा मसूर, हुलगे, चवळी, वाल आलटून पालटून आणा, म्हणजे एकाच डाळीचा भाव भडकला तरी बिल हलत नाही.

साठवताना आधी पाखडून-निवडून दोन दिवस ऊन द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल तेल चोळलं तर कीड लवकर धरत नाही. शिजवण्याआधी ती नीट धुवायची.

4. भिजवा, मग गॅस पेटवा

न भिजवलेले हरभरे किंवा राजमा कुकरवर चढवले, तर वाचलेले पैसे सिलिंडर खातो. रात्री भरपूर पाण्यात आठ-दहा तास भिजवा. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसा आणि ओल्या पंच्यात बांधायच्या आधी ताटात पसरून बघा. भिजलेली मटकी फुगून मऊ झालेली असते. मध्येच बारीक, गडद, नखाने दाबली तरी न दबणारे दाणे दिसतात, ते गणंग. ते आत्ताच वेचा, शिजल्यावर ते दाताखालीच सापडतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत अजून एक दिवस लागतो. मोडाची मटकी कुकरशिवाय, साध्या भांड्यात झाकण ठेवून थोड्याच वेळात शिजते. मोड आल्याने प्रथिनं दुप्पट होतात हे खरं नाही, वाढतं ते पाण्याचं वजन. पण क जीवनसत्त्व वाढतं आणि पचायलाही सोपं जातं.

5. जिथे काटकसर करायची नाही

बी-12 वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दही-अंडी चालू असतील तर थोडंफार मिळतं. तेही पूर्ण सोडणार असाल, तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या आणि तिचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरा. उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह नीट शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटं होतं, तो तासाभराने घ्या. लहान मुलं, गरोदर बाई किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण घरात असेल, तर त्यांचं ताट डॉक्टरांना विचारूनच बदला.

6. वाचलेले पैसे परत दुकानात देऊ नका

बदामाचं दूध, वनस्पतीजन्य म्हणून विकलं जाणारं नकली मांस, प्रथिनांची भुकटी हे सगळं वनस्पतीजन्यच आहे, पण पहिल्या पायरीचं गणित लावून बघा. बदामाच्या दुधात प्रथिनं नावालाच असतात, चहापुरतं साधं दूध ठेवलं तर कुणाचं काही बिघडत नाही. दूध चालतच नसेल तर सोयाबीनचं दूध त्यातल्या त्यात जवळचं.

महिनाअखेरीला किराणा, भाजी, दूध आणि मांस-मासे अशी चारही बिलं मागच्या महिन्याशेजारी मांडा. फक्त मांसाचं बिल उतरलं आणि किराण्याचं तेवढंच चढलं असेल, तर यादीत काजू आणि तेल आधी शोधा.