जोडीदाराला अमेरिकेत नेताना टॅक्स रिटर्नच्या या चुका टाळा

व्हिसाच्या मुलाखतीला अकरा दिवस उरले असताना गिरगावातली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. मी पार्ल्यात बसून अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या रिटर्न्सचं काम करते, म्हणून कुणीतरी तिला माझा पत्ता दिला होता. फाइल मोठ्या निगुतीनं लावलेली. लग्नाचा दाखला, पोलीस क्लिअरन्स, तारखेनुसार लावलेले फोटो, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, त्याच्या कंपनीचं पत्र. मी नवऱ्याच्या फॉर्म १०४०चं, म्हणजे अमेरिकेतल्या वार्षिक टॅक्स रिटर्नचं, पहिलं पान उलटलं आणि तिथेच थांबले. वरच्या बाजूला ‘सिंगल’च्या चौकटीत खूण होती. दाखल्यावर लग्नाची तारीख २८ डिसेंबर, आणि रिटर्न त्याच वर्षाचं.

“काकू, लग्न डिसेंबरात झालं, पण वॉर्ड ऑफिसातली नोंद फेब्रुवारीत झाली. म्हणून त्याला वाटलं की त्या वर्षी तो सिंगलच,” मुलगी म्हणाली. तिची आई काहीच बोलली नाही, नुसती पदराशी चाळा करत राहिली.

हीच चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

डिसेंबरातलं लग्न आणि ‘सिंगल’ रिटर्न

अमेरिकेच्या कर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या हिशेबी ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर ते अख्खं वर्ष तुम्ही विवाहित. लग्न त्याच आठवड्यात झालं असलं तरी. बायको मुंबईत आणि नवरा न्यू जर्सीत राहत असला तरीही.

आता प्रश्न उरतो लग्न झालं कधी, याचा. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे विधी पूर्ण झाले की लग्न पक्कं होतं. नोंदणी नंतर केली म्हणून लग्नाची तारीख पुढे सरकत नाही. महापालिकेच्या दाखल्यावर दोन तारखा असतात, एक लग्नाची आणि एक नोंदणीची. मोजायची ती लग्नाची. विशेष विवाह कायद्याखाली रजिस्ट्रारसमोर लग्न केलं असेल तर मात्र रजिस्ट्रारसमोरचा दिवस हाच लग्नाचा दिवस. काही जोडपी आधी कोर्टात सही करतात आणि थाटाचं लग्न सहा महिन्यांनी करतात. त्यांनी पहिलीच तारीख धरायची. मुलं आपल्या मनाने दुसरी धरतात आणि अडकतात.

यातला धोका नुसता कराचा नाही. एका कागदावर तुम्ही अमेरिकन सरकारला सांगता की ही माझी बायको, तिला व्हिसा द्या. त्याच सरकारला दुसऱ्या कागदावर सही करून सांगता की मी अविवाहित आहे. बीकेसीतल्या वकिलातीत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यापुढे हे दोन्ही कागद एकदम असतात. लग्न खरं आहे का, हेच तपासायला तो तिथे बसलेला असतो.

दुरुस्ती आहे, आणि ती अवघड नाही. फॉर्म १०४०-एक्स भरून रिटर्न सुधारायचं, विवाहित म्हणून. गिरगावच्या मुलीच्या नवऱ्याने त्याच रात्री ते काम हाती घेतलं. चार दिवसांत सुधारित रिटर्न ऑनलाइन गेलं. तिने मूळ रिटर्न, सुधारित रिटर्न आणि पोहोच असे तिन्ही कागद एका क्लिपमध्ये लावून नेले. अधिकाऱ्याने विचारलं, तिने जे घडलं ते सांगितलं आणि कागद पुढे सरकवले. व्हिसा मिळाला.

‘हेड ऑफ हाउसहोल्ड’, म्हणजे कुटुंबप्रमुख, या दर्जाचंही असंच. त्यात कर कमी बसतो, म्हणून कुणी मित्र सुचवतो. बायको परदेशात आहे एवढ्यावर तो दर्जा मिळत नाही. त्यासाठी नियमांत बसणारं मूल किंवा नातेवाईक तुमच्यावर अवलंबून असावे लागतात, आणि बायको त्यात मोजली जात नाही.

वेगळं भरायचं की एकत्र?

बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला ओळख क्रमांक, नाही, तर तिचं नाव रिटर्नवर घालायचं कसं? इथे गोंधळून बरेच जण ‘सिंगल’कडे वळतात. खरं तर रस्ते दोन आहेत.

पहिला, विवाहित पण वेगळं रिटर्न. बायकोचं नाव लिहायचं आणि नंबराच्या जागी ‘एनआरए’, म्हणजे अनिवासी परदेशी. साध्या पगारदाराचा कर बहुधा सिंगलइतकाच येतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आणि आणखी काही सवलती मात्र जातात.

दुसरा, एकत्र रिटर्न. यात प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम, दुप्पट होते. २०२५च्या रिटर्नसाठी वेगळं भरणाऱ्याला १५,७५० डॉलर, एकत्र भरणाऱ्यांना ३१,५०० डॉलर. पण त्यासाठी बायकोला कराच्या दृष्टीने अमेरिकेची रहिवासी मानावं, असं दोघांच्या सहीचं निवेदन जोडावं लागतं. मग तिचा मुंबईतला पगार, बँकेचं व्याज, भाड्याचं उत्पन्न, म्युच्युअल फंड, सगळं त्या रिटर्नमध्ये यायला हवं. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे जादा कर बहुतेकदा थोडाच असतो. पण तिचं उत्पन्न लपवून एकत्र रिटर्न भरणं ही चूकच. भारतात पीपीएफचं व्याज करमुक्त आहे म्हणून ते अमेरिकेतही करमुक्त असेल, असं गृहीत धरू नका. तिथे ते करपात्र धरलं जातं.

एकत्र रिटर्नसाठी बायकोला आयटिन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांसाठीचा कर क्रमांक, लागतो. त्याचा अर्ज डब्ल्यू-७ रिटर्नसोबतच जातो, आणि त्याबरोबर पासपोर्ट, मूळ किंवा पासपोर्ट देणाऱ्या यंत्रणेनेच प्रमाणित केलेली प्रत. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याने मूळ पासपोर्ट कुरिअरने टेक्ससला, ऑस्टिनला पाठवला होता. पंधरा दिवसांनी मुलाखतीचं पत्र आलं आणि पासपोर्ट तिकडेच. रोज सकाळी उठून ट्रॅकिंग बघायची, एवढंच त्यांच्या हातात उरलं. असं करू नका. आयआरएसने नेमलेले प्रमाणित स्वीकृती एजंट मुंबईतही आहेत. ते पासपोर्ट समोर बघून प्रमाणित करतात आणि परत देतात.

माझं मत विचाराल तर, व्हिसाचं काम चालू असताना पहिल्या वर्षी वेगळं रिटर्न भरा. वेळेत भरलं जातं आणि पासपोर्ट घरातच राहतो. मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत तेच रिटर्न सुधारून एकत्र करता येतं. बायको तिथे पोचली, तिला सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला, की शांतपणे ते काम करा.

रिटर्नवर बायकोचं नाव लिहिताना पासपोर्ट समोर ठेवा. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि रिटर्न सासरच्या नावाचं, असं झालं की प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं.

कोणता कागद द्यायचा

आय-८६४, म्हणजे जोडीदाराच्या खर्चाची हमी देणारं अॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, याच्यासोबत स्पॉन्सरचं, म्हणजे हमी देणाऱ्याचं, सगळ्यात अलीकडच्या वर्षाचं फेडरल रिटर्न लागतं. तीन वर्षांचं देणं ऐच्छिक आहे. लोक मात्र राज्याचं रिटर्न जोडतात, नुसता डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, जोडतात, किंवा सॉफ्टवेअरने शेवटी दाखवलेलं सारांशाचं पान. मी तर बायकोचे भारतातले तीन वर्षांचे आयटीआर आणि सासऱ्यांच्या मुदतठेवींवरचं सीएचं प्रमाणपत्र अपलोड केलेलंही पाहिलं आहे. सीएचं प्रमाणपत्र लोक टुरिस्ट व्हिसासाठी करून ठेवतात, तेच इथे चालवायला जातात. इथे प्रश्न अमेरिकेतल्या स्पॉन्सरच्या उत्पन्नाचा आहे.

सगळ्यात सोपं म्हणजे आयआरएसच्या संकेतस्थळावरून फुकट मिळणारी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचा अधिकृत उतारा. त्यातही ‘टॅक्स रिटर्न ट्रान्सक्रिप्ट’ घ्या. ‘अकाउंट ट्रान्सक्रिप्ट’ नको, त्यात उत्पन्नाचा तपशील पुरेसा नसतो. ट्रान्सक्रिप्टवर आडनावाची पहिली काहीच अक्षरं आणि नंबराचे शेवटचे चार आकडे दिसतात. ते बघून घाबरू नका, आयआरएस मुद्दामच तसं छापते. ट्रान्सक्रिप्ट दिली तर डब्ल्यू-२ लागत नाहीत. रिटर्नची छायाप्रत दिली तर डब्ल्यू-२ आणि १०९९ (पगाराखेरीजच्या उत्पन्नाचे दाखले) जोडावेच लागतात. एकत्र रिटर्न भरलेल्याने स्वतःची कमाई वेगळी दाखवायला ट्रान्सक्रिप्टसोबतही डब्ल्यू-२ द्यावा.

१५ एप्रिल, म्हणजे रिटर्नची मुदत, उलटल्यानंतर मुलाखत असेल, तर नव्या वर्षाचं रिटर्न हातात असू द्या. आधी अपलोड केलेलं मागच्या वर्षाचं असलं तरी अधिकारी नवं मागू शकतो. मुदतवाढ घेतली असेल तर फॉर्म ४८६८ची प्रत आणि आदल्या वर्षाचं रिटर्न न्या. कागद कमी पडला की हातात २२१-जी ची चिठ्ठी येते. तो कायमचा नकार नसतो. पण तिकीट काढून बसलेल्या घरात ती चिठ्ठी फार जड जाते.

रिटर्न भरलंच नसेल तर

हे सांगताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण इथे लोक खुलाशाचं पत्र लिहून वेळ मारून न्यायला बघतात. उत्पन्न मर्यादेखाली होतं आणि रिटर्न भरणं कायद्याने बंधनकारक नव्हतं, तर तसं पत्र पुराव्यासह चालतं. पण भरायला हवं होतं आणि भरलं नाही, तर पत्राचा उपयोग नाही. आधी रिटर्न भरायचं, मग जोडायचं.

हा घोटाळा अमेरिकन पासपोर्ट असलेल्या आणि मुंबईत राहणाऱ्यांचा जास्त होतो. तिकडे जन्मलेला मुलगा, लहानपणीच ठाण्याला परत आलेला, आता पवईत नोकरीला. तो म्हणतो, “टीडीएस कापला जातो, आयटीआर भरतो, तिकडे कशाला भरू?” अमेरिकेचा नागरिक आणि ग्रीन कार्डधारक जगात कुठेही राहिला तरी त्याला जगभरचं उत्पन्न अमेरिकेला कळवावं लागतं. आणि विवाहित वेगळं रिटर्न भरणाऱ्याची मर्यादा किती, तर वर्षाला ५ डॉलर. म्हणजे नोकरदाराची त्यातून सुटका नाही. कर शून्य येऊ शकतो, रिटर्न चुकत नाही.

अजाणतेपणी राहून गेलं असेल तर आयआरएसची ‘स्ट्रीमलाइन्ड’ पद्धत आहे. मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स आणि सहा वर्षांचे एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारे फॉर्म, भरायचे. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार लागतो, आणि आईबरोबरचं जॉइंट खातंही त्यात येतं. हे काम आठवड्यात होत नाही. फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा, अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबरचं. दर महिन्याची स्लिप काढून दोन फॉर्म १६ जोडत बसावं लागतं. आय-१३०, म्हणजे जोडीदारासाठीचा पहिला अर्ज, दाखल केलं त्याच महिन्यात हे सुरू करा.

मुंबईकर स्पॉन्सरला आणखी एक अडचण. परदेशी कमाईची सूट फॉर्म २५५५ने घेतली की रिटर्नवरचं एकूण उत्पन्न शून्याजवळ दिसतं. शिवाय इथली नोकरी सोडून जाणार असाल तर ते उत्पन्न मोजलंच जात नाही. मग संयुक्त स्पॉन्सर, म्हणजे तुमच्याबरोबर हमी देणारं दुसरं कुणी, शोधा किंवा मालमत्ता दाखवा. अमेरिकेत परत घर करण्याचा इरादाही कागदावर दाखवावा लागतो.

उत्पन्न कमी पडलं तर

गरज असते फेडरल दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांची. २०२५च्या तक्त्याप्रमाणे नवरा-बायको दोघांसाठी साधारण २६,४३७ डॉलर. आकडा दरवर्षी बदलतो, तो आय-८६४पी या तक्त्यात बघा. मागच्या वर्षी नवरा शिकत होता आणि रिटर्नवर उत्पन्न तुटपुंजं, तर खचून जाऊ नका. आजचा पगार महत्त्वाचा धरला जातो. कंपनीचं पत्र आणि सहा महिन्यांच्या स्लिपा जोडा.

मालमत्तेवर विसंबणार असाल तर नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता लागते, आणि ती वर्षभरात रोकड होण्याजोगी असावी. दादरचा वडिलोपार्जित, चार भावांच्या नावाचा फ्लॅट यात बसत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनचे काका संयुक्त स्पॉन्सर झाले, की लोक नवऱ्याचे कागद पाठवायचं विसरतात. काकांचं उत्पन्न कितीही असो, अर्ज करणाऱ्या नवऱ्याने स्वतःचं आय-८६४ आणि स्वतःचं रिटर्न द्यायलाच हवं. काकांनाही आधी नीट सांगा की ही सही घटस्फोटानेही सुटत नाही. सून नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत ती साधारणपणे बांधून ठेवते.

तुमच्या केस नंबराची सुरुवात बीएमबी अशी असेल, तर मुलाखत मुंबईतच व्हायची. त्याच्या आदल्या रात्री नाही, आजच नवऱ्याला फोन करा आणि फॉर्म १०४०च्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. वरची फायलिंग स्टेटसची चौकट आधी बघा. मग तुमच्या नावाचं स्पेलिंग.