ठिबकमधून कीटकनाशक सोडण्याआधी पाण्याची वेळ मोजा

ठिबकमधून दिलेलं औषध मुळांवाटे पाण्याबरोबर वर चढतं. म्हणून इथे आंतरप्रवाही औषधंच चालतात : इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोरअँट्रानिलीप्रोल, सायअँट्रानिलीप्रोल. सायपरमेथ्रिन मातीला चिकटून बसतं, झाडात चढत नाही. पिकाचं नाव आणि जमिनीतून किंवा ठिबकमधून देण्याची शिफारस लेबलवर नसेल तर सोडूच नका. पानांतून पाण्याची वाफ होत राहते, त्या ओढीने पाण्याबरोबर औषधही पानांकडे जातं, फळात फारच थोडं उतरतं. त्यामुळे मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर गुण येतो. फळात शिरलेल्या अळीवर किंवा फुलातल्या फुलकिड्यांवर विसंबू नका.

आदल्या दिवशी फिल्टर धुवा, लॅटरलची (ड्रिपर असलेल्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून गढूळ पाणी काढून टाका. मग दाब स्थिर झाल्यावर व्हेंच्युरीतून (दाबाच्या फरकाने औषध नळीत ओढून घेणाऱ्या उपकरणातून) खाण्याचा रंग सोडा आणि सर्वांत लांबच्या लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरखाली पांढरी वाटी धरून बसा. रंग दिसायला समजा १८ मिनिटं लागली. हाच तुमच्या शेताचा आकडा : औषध किमान इतका वेळ सोडायचं, त्यानंतर साधं पाणीही किमान इतकाच वेळ. त्याच वेळी सुरुवात, मध्य आणि शेवटच्या ड्रिपरखालचं पाणी मोजा. जिथे पाणी कमी, तिथे औषधही कमी. आधी चोंदलेले ड्रिपर नीट करा.

औषध सकाळी, जमीन वाफशावर असताना द्या. चिंब जमिनीत मुळं नीट ओढत नाहीत. ९० मिनिटांचं पाणी असेल तर ३० मिनिटं साधं, ३० मिनिटं औषध, ३० मिनिटं पुन्हा साधं. वाळूसर जमिनीत शेवटचं पाणी लांबवू नका, औषध मुळांच्या खाली निघून जातं.

सर्वाधिक चूक मात्रेत होते. फवारणीचं लिटरमागचं प्रमाण इथे लागू नाही; मात्रा क्षेत्रावर ठरते. अर्धा एकर असेल तर लेबलवरच्या एकरी मात्रेच्या निम्मी. व्हेंच्युरी तासाला ६० लिटर ओढत असेल तर ती मात्रा ३० लिटर पाण्यात कालवा, अर्ध्या तासात संपेल. व्हेंच्युरी ओढतच नसेल तर दोन बाजूंच्या दाबात पुरेसा फरक नाही. मुख्य नळीवरचा व्हॉल्व्ह थोडा बंद करा.

वीज गेली की नळीतलं पाणी उलटं विहिरीत किंवा बोअरमध्ये जाऊ शकतं. एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि एअर व्हॉल्व्ह (नळीत हवा घेणारा) नसेल तर हे काम सुरूच करू नका.

खत किंवा ॲसिड सोबत मिसळू नका. हातमोजे घाला. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, घाईने दुसरा डोस देऊ नका. इमिडाक्लोप्रिडनंतर थायामेथोक्झाम दिलं तर तो बदल नव्हे, दोन्ही एकाच, निओनिकोटिनॉइड गटातली. पुढच्या वेळी गट बदला. काकडी, कलिंगडासारख्या वेलवर्गीय पिकांत फुलोरा जवळ आला असेल तर निओनिकोटिनॉइड गट टाळा : औषध परागात आणि मकरंदातही उतरतं, आणि परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांनाच इजा होऊ शकते.