पायथनमध्ये ऑब्जेक्टचा टाइप प्रोग्रॅम चालू असताना कसा तपासावा

‘इनपुट’ने वय विचारायचं, त्यात 1 मिळवायला जायचं आणि टाइपएरर खायची, यातून पायथन शिकणारे बहुतेक जण जातात. वापरणाऱ्याने 25 टाइप केलं तरी ‘इनपुट’ स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच, देतं. व्हेरिएबल हे नुसतं नाव; टाइप (आकडा, मजकूर, यादी असा प्रकार) असतो ऑब्जेक्टला, म्हणजे त्या नावामागच्या मूल्याला, आणि तो कळतो प्रोग्रॅम चालतानाच.

आधी नुसतं बघून घ्या. ‘टाइप’ फंक्शनच्या कंसात व्हेरिएबल द्या आणि उत्तर प्रिंट करा. चूक शोधताना एवढं पुरतं.

त्यावरून कोडला पुढचं ठरवायचं असेल, तर मात्र ‘इझइन्स्टन्स’ वापरा. कंसात पहिल्यांदा ऑब्जेक्ट, मग क्लास, म्हणजे हवा असलेला टाइप. उत्तर ट्रू किंवा फॉल्स. ‘टाइप’चं उत्तर दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहणारा कोड सर्रास दिसतो, पण तो वारसा, म्हणजे एक क्लास दुसऱ्यावरून बनलाय का, हे बघत नाही. डिफॉल्टडिक्ट हा डिक्टचाच (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणाऱ्या टाइपचाच) वारस, डिक्टची सगळी कामं करतो. तरी ती तुलना त्याला दारातूनच परत पाठवते. एकाहून जास्त टाइप चालणार असतील तर क्लासच्या जागी त्यांचा टपल, म्हणजे कंसात स्वल्पविराम देऊन लिहिलेला गट, द्या. जेसनमधला (डेटा पाठवायच्या मजकुरी साच्यातला) 5 इंट (पूर्णांक) होतो, 5.0 फ्लोट (दशांश) होतो, तेव्हा तिथे दोन्ही लागतात.

आता खरी मेख. बूल (ट्रू-फॉल्सचा टाइप) हा इंटचा वारस आहे! ट्रू अधिक ट्रू करून बघा, 2 येतात. माझ्या एका कोडमध्ये नगसंख्येच्या जागी चुकून ट्रू आलं आणि बिनबोभाट एक नग म्हणून मोजलं गेलं. एरर नाही, काही नाही. म्हणून आकडा हवा असेल तिथे बूल आधी वेगळा काढा, मग इंट तपासा.

नन, म्हणजे ‘मूल्यच नाही’ ही खूण, तपासायला ‘इझ नन’ लिहा, बाकी काही नको.

लिस्ट तपासली म्हणजे आतला माल तपासला असं नाही. ‘लिस्ट ऑफ इंट’ थेट इझइन्स्टन्सला दिलं तर टाइपएरर येते. ‘ऑल’ (सगळे घटक अटीत बसतात का ते सांगणारं फंक्शन) लावून एकेक घटक बघावा लागतो. फंक्शनच्या व्याख्येत लिहिलेले टाइप हिंट (कुठला टाइप अपेक्षित आहे याच्या नोंदी) पायथन स्वतःहून पाळायला लावत नाही, त्यांच्या भरवशावर राहू नका.

सगळीकडे तपासण्या पेरायची गरज नाही. फाइल, फॉर्म, जेसन असा बाहेरचा डेटा आत येतो तिथे एकदा बघा. आतल्या फंक्शनला फक्त लूप फिरवायचा असेल तर लिस्ट असो की टपल, फिरू द्या. स्ट्रिंग तेवढी अडवा: नावांच्या लिस्टऐवजी एकच नाव आलं, तर लूप त्याचं एकेक अक्षर नाव समजून पुढे पाठवतो.