फाइल कंपाइल होताना वेळ नेमका कुठे जातो?

एखादी सी प्लस प्लस फाइल कंपाइल व्हायला फार वेळ घेते, पण कशामुळे ते कळत नाही? तेवढी एकच फाइल वेगळी कंपाइल करा. समांतर बिल्डमध्ये आकड्यांची सरमिसळ होते.

कंपाइलर जीसीसी असेल तर नेहमीच्या कमांडला ‘-एफटाइम-रिपोर्ट’ जोडा. शेवटी पार्सिंग, टेम्प्लेट, ऑप्टिमायझेशन असा टप्प्यांनुसार हिशोब येतो.

क्लँग कंपाइलर असेल तर त्याला ‘-एफटाइम-ट्रेस’ द्या. ऑब्जेक्ट फाइलशेजारी जेसन फाइल तयार होते, ती पर्फेटो या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ट्रेस पाहायच्या साधनात उघडा. कोणत्या हेडरने किती वेळ खाल्ला हे पट्ट्यांच्या लांबीवरून लगेच दिसतं. माझ्या मते हीच पद्धत जास्त उपयोगी, कारण हेडर आपल्या हातात असतात.

जीसीसीच्या हिशोबाखाली ‘एक्स्ट्रा डायग्नोस्टिक चेक्स एनेबल्ड’ असं आलं, तर त्या आकड्यांवर विसंबू नका. जादा तपासण्या चालू ठेवून बनवलेला तो कंपाइलर मुळातच हळू चालतो.