गाडीचा एसी गार हवा देत नाही? गॅस भरायच्या आधी हे तपासा

गाडीचा एसी बंद पडला की पहिला सल्ला ठरलेला असतो, "गॅस संपला असेल, भरून घ्या". मी पण तेच केलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस भरून घेतला, तीन आठवडे मस्त गार, मग परत गरम हवा, परत भरला, परत तेच. तिसऱ्या वेळी एका जुन्या जाणत्या एसी मेकॅनिकने गॅस भरायला सरळ नकार दिला, टॉर्च लावून कंडेन्सरच्या पाइपाच्या जॉइंटवर खालच्या बाजूने बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. काळपट, चिकट, धूळ खाल्लेलं तेल. आतली रबराची ओ रिंग कडक होऊन चिरली होती. एवढ्याशा रिंगपायी दोन वेळचा गॅस हवेत गेला होता.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. ती बंद सिस्टिम आहे, तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो, रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचं लिक्विड होतं, मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे दाब एकदम पडतो, तो उकळतो आणि उकळताना केबिनच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. बास, इतकंच. बऱ्याच वर्षांत होज पाइपच्या रबरातून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडा गॅस झिरपतो ते चालतं, पण काही महिन्यांत कूलिंग गेलं तर कुठेतरी लीक आहे आणि ते शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

पायरी १ – नक्की काय होतंय ते ठरवा

इंजिन चालू करा, एसी चालू, टेम्परेचर सगळ्यात थंडवर, हवा आतल्या आत फिरायच्या सेटिंगवर, ब्लोअर मध्यम. पाच-दहा मिनिटं थांबा. मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर घाला. चांगला एसी साधारण ४ ते १० अंशांपर्यंत हवा देतो, बाहेर खूप ऊन आणि दमटपणा असेल तर थोडी जास्त दिसेल. आता बघा, हवाच कमी येते का, हवा भरपूर आहे पण गार नाही, की कधी गार कधी गरम असं होतंय? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि लोक इथेच घोळ करतात.

हवाच कमी येत असेल तर बॉनेट उघडायचीच गरज नाही. केबिन फिल्टर काढून बघा, बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पानं आणि धुळीने गच्च भरलेला फिल्टर बाहेर आला की प्रश्न तिथेच सुटतो. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो आणि खालच्या स्पीडवर गप्प असेल तर बहुतेक वेळा ब्लोअरचा रेझिस्टर (स्पीड कमी-जास्त करणारा छोटा भाग) गेलेला असतो. आणि एक फसवा प्रकार म्हणजे सुरुवातीला छान गार, अर्ध्या तासाने हवाच कमी कमी होत जाते. हे कूलिंग कॉइलवर बर्फ जमल्याचं लक्षण. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा, हवा परत आली तर कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर तपासायला सांगा. फिल्टर गच्च असेल किंवा गॅस कमी असेल तरी बर्फ धरू शकतो.

पायरी २ – कॉम्प्रेसर लागतोय का?

हवा भरपूर आहे पण गरम आहे, तर आता बॉनेट उघडा. सैल बाही, ओढणी, गळ्यातलं काही असेल तर आधी काढून ठेवा, पट्टा फिरत असतो आणि रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो, हे मी मनापासून सांगतोय.

कॉम्प्रेसर पट्ट्यावर असतो. त्याच्या तोंडाकडे नीट बघा, बाहेरची पुली इंजिन चालू असताना कायम फिरतेच, पण मधली चकती एसी बंद असताना स्थिर असते. कोणाला तरी आत बसवून एसीचं बटण दाबायला सांगा. "टक्" असा आवाज येऊन मधली चकती पुलीला चिकटली आणि सोबत फिरायला लागली, इंजिनचा आवाज क्षणभर जड झाला, म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच (गिअरचा नाही, ही चकतीच) लागला. आवाज नाही, चकती जागची हलली नाही, म्हणजे कॉम्प्रेसर चालूच होत नाहीये. टक् टक् करत काही सेकंदांत लागतोय-सुटतोय असं सारखं होत असेल तर गॅस कमी असल्याची शंका पहिली घ्या.

काही नवीन गाड्यांत मात्र क्लचच नसतो, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. तिथे हा टक् आवाज शोधत बसू नका, सरळ पायरी ४ च्या पाइपांकडे जा.

पायरी ३ – क्लच लागत नसेल तर

आधी फ्यूज. मग रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच). फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आकृती असते, एसीच्या रिलेसारखाच हुबेहूब नंबरचा दुसरा रिले (बऱ्याचदा हॉर्नचा असतो) काढून तिथे लावून बघा. एसी लागला तर रिलेच गेलेला, संपला विषय.

तेही ठीक असेल तर कॉम्प्रेसरच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावून एसी चालू असताना १२ व्होल्टच्या आसपास येतायत का बघा. येतायत आणि तरी चकती ओढली जात नाही, तर क्लचची कॉइल (चकती ओढणारं विजेचं चुंबक) जळली असेल किंवा चकती झिजून पुलीपासूनचं अंतर वाढलं असेल. कॉइलचा रेझिस्टन्स सहसा ३ ते ५ ओहम असतो, मीटर अनंत दाखवतंय म्हणजे कॉइल तुटली. अंतर वाढलेलं असेल तर गंमत अशी होते की गाडी थंड असताना क्लच लागतो आणि तापली की सुटतो, त्यामुळे मेकॅनिककडे नेईपर्यंत सगळं नीट दिसतं आणि तुमच्यावरच कोणी विश्वास ठेवत नाही.

व्होल्टेजच येत नसेल तर गाडीचा कंट्रोल मुद्दाम अडवतोय असं समजा. गॅस खूप कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर लागू देत नाही, इंजिन जास्त तापलं तरी गाडीचा कंट्रोल एसी बंद करतो, आणि बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडून डिस्प्लेवर उणे ४० दाखवत असेल तर गाडीला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि एसी लागतच नाही. म्हणून डिस्प्लेवरचं बाहेरचं तापमान एकदा बघूनच घ्या.

इथे एक कळकळीची विनंती. प्रेशर स्विचला वायर जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नाही म्हणजे तेलही पोचत नाही, आणि तो आतून घासून निघतो. मग त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत जातो आणि छोट्या लीकचं काम अख्ख्या सिस्टिमवर जातं. तो स्विच त्रास द्यायला बसवलेला नाहीये, कॉम्प्रेसर वाचवायला बसवलाय.

पायरी ४ – क्लच लागतोय पण गार नाही

पहिलं बघायचं ते कंडेन्सरचा फॅन. बहुतेक गाड्यांत एसी लावला की तो थोड्या वेळात फिरायला लागतोच. गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, असं असेल तर फॅन किंवा पुढची जाळी हाच पहिला संशयित. कंडेन्सरच्या पाकळ्यांत किडे, माती, कापूस अडकलेला असतो, साध्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरची धार जवळून मारलीत तर पाकळ्या वाकतात आणि उलट हवा अडते.

मग पाइप. फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) दोन ॲल्युमिनियमचे पाइप आत जाताना दिसतील, एक बारीक, एक जाड. एसी दहा मिनिटं चालल्यावर जाड पाइपाला हलका हात लावा (कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणारा पाइप प्रचंड तापतो, त्याला नाही). जाड पाइप गारेगार आणि घाम सुटल्यासारखा ओला असेल तर गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करतायत. तरीही आत गरम हवा येत असेल तर बिघाड डॅशबोर्डच्या आत आहे, गरम-थंड हवा मिसळणारी झडप अडकली असेल किंवा तिची छोटी मोटर गेली असेल. डॅशबोर्डच्या मागे कट कट कट असा आवाज, किंवा एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम, ही तिची खूण. एका बाजूला गरमचं कारण कधी कधी कमी गॅसही असतं, पण पाइप नीट गार असेल तर आधी झडप बघा. इतक्या लोकांनी या झडपेपायी उगाच गॅस भरून घेतलाय की वाईट वाटतं.

जाड पाइप कोमटच असेल तर गॅस, कॉम्प्रेसर किंवा मधला अडथळा, यांपैकी काहीतरी.

पायरी ५ – लीक शोधा

गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून तेलकट काळा डाग हाच तुमचा पुरावा. पाइपांचे जॉइंट, कंडेन्सरचा खालचा भाग (पुढून उडालेले खडे इथेच बसतात), कॉम्प्रेसरच्या पुलीमागचा भाग, आणि गॅस भरायचे दोन्ही व्हॉल्व्ह, सगळीकडे टॉर्चने बघा. व्हॉल्व्हची प्लास्टिकची टोपी उघडून साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, बुडबुडा फुगला तर तिथून जातोय. यापुढचं काम गॅरेजचं, यूव्ही डाय (खास दिव्यात चमकणारा रंग), इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर, किंवा नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट. स्वतः कुठलाही जॉइंट ढिला करू नका, आर-१३४ए (बऱ्याच गाड्यांतला एसीचा गॅस) साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, त्याचा फवारा डोळ्यात किंवा हातावर आला तर हिमदाह होतो. आणि काडी-लायटर घेऊन लीक शोधणं अजिबात नको, ज्वाळेत या गॅसचा विषारी धूर होतो.

गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी म्हणजे लीक नाही बरं का, ते कूलिंग कॉइलवर जमलेलं हवेतल्या दमटपणाचं पाणी आहे. तेच पाणी पुढच्या सीटच्या पायापाशी आलं तर ड्रेन पाइप चोक झालाय.

पायरी ६ – गेज लावल्यावर काय बघायचं

गेज म्हणजे गॅसचा दाब मोजायचं मीटर, पीएसआय हे दाबाचं माप. इंजिन बंद असताना गेजवर ९७ पीएसआय दिसतंय म्हणून "गॅस फुल आहे" असं कोणी म्हणालं तर मान हलवू नका. आत थोडंसं जरी लिक्विड उरलेलं असेल तरी ३० अंश तापमानाला आर-१३४ए इतकाच दाब दाखवतो, मग गॅस अर्धा असो की पूर्ण. २५ अंशांना तो साधारण ८२ असतो. बंद गाडीचा आकडा गॅस आहे की पार रिकामा एवढंच सांगतो.

खरं काय ते एसी चालू असताना कळतं. ढोबळमानाने लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) २५ ते ४५ आणि हाय साइड (कॉम्प्रेसरनंतरची जास्त दाबाची बाजू) १५० ते २५० पीएसआय, बाहेर जितकं ऊन तितका आकडा वर. दोन्ही कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे गॅस जास्त भरलाय, आत हवा शिरलीये किंवा कंडेन्सर उष्णता टाकत नाहीये. लो जास्त आणि हाय कमी म्हणजे कॉम्प्रेसर आतून थकलाय. लो साइड जवळजवळ शून्याला किंवा त्याखाली गेली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चोक.

पायरी ७ – भरायची वेळ आलीच तर

लीक दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालायला हवा आणि बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहायला हवा. आत राहिलेला दमटपणा गॅस आणि तेलाबरोबर मिळून ॲसिड करतो, पाइप आतून खातो. सिस्टिम उघडली असेल तर ड्रायरही (दमटपणा शोषून घेणारा भाग) बदलायला सांगा. मग गॅस वजनावर भरायचा, गेज बघून अंदाजाने नाही. बॉनेटच्या खाली एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाड्यांत ४००-५०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते. जास्त भरला तरी कूलिंग कमीच होतं. स्टिकरवर आर-१२३४वायएफ (दुसऱ्या प्रकारचा गॅस) असेल तर तोच, तिथे आर-१३४ए चालणार नाही. लीक बंद करणारं केमिकल डब्यातून टाकून घेऊ नका, ते व्हॉल्व्हमध्ये आणि गॅरेजच्या मशीनमध्येही अडकतं.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फिल्टर, फॅन आणि डिस्प्लेपर्यंतच थांबा. तिथे कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, आणि त्याचं तेलही वेगळं असतं, ते कुठलं टाकणार हे आधी विचारा.

काम झालं की गॅरेजमधून निघायच्या आधी तोच थर्मामीटर परत मधल्या व्हेंटमध्ये घाला आणि तारीख, बाहेरचं तापमान, व्हेंटचं तापमान आणि किती ग्रॅम गॅस भरला ते एका चिठ्ठीवर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. महिन्याभराने साधारण तसंच ऊन असलेला दिवस बघून परत मोजा, आकडा दोन-चार अंशांनी वर सरकला असेल तर लीक अजून असल्याची शंका घ्या, आणि ती चिठ्ठी घेऊनच मेकॅनिककडे जा.